चुलीत गेलेली चक्की

घोडेवाल्याशी माझं वाजलं ते ओढ्याच्या अलीकडे.

"इथून पुढं घोडं येत नाही," तो म्हणाला.

"दारापर्यंत पोचवतो म्हणाला होतास."

"म्हणालो होतो. तेव्हा ओढा एवढा नव्हता."

"ओढ्याला भिणारं घोडं कशाला आणलंस? त्यापेक्षा मांजर आणायचं."

"मांजर आणलं असतं तर तुमची ही लोखंडं काय मी डोक्यावर घेतली असती?" असं म्हणून त्यानं माझी पिशवी ओल्या खडकावर ठेवली आणि घोडं फिरवलं. मी त्याच्या मागे चांगली दोन वाक्यं सोडली, पण त्या पावसात शेजारच्याचं ऐकू येत नाही, तिथं पाठमोऱ्या माणसाला काय ऐकू जाणार.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. चक्कीचा दगड दळून दळून गुळगुळीत झाला, की दाणा फुटत नाही, नुसता रगडला जातो. पीठ तापतं आणि कडू लागतं. मग मला बोलावतात. मी दगड उलटवून त्यावर टाकी लावून देतो, म्हणजे छिन्नीनं मधून कडेपर्यंत नव्या खाचा पाडतो. या कामात माझा हात धरणारा आपल्या भागात नाही, हे मी नेहमी सांगतो आणि लोकही ऐकून घेतात. आपल्याकडच्या साऱ्या चक्क्या इंजिनावरच्या. पट्टा आणि लोखंड, बास. पाण्यावर चालणारी चक्की मी तोवर पाहिली नव्हती, आणि पाहण्यासारखं काही असेल असंही वाटलं नव्हतं. दगड तो दगड.

तिथला पाऊस मात्र आपल्यासारखा येऊन जात नाही. तो तिथंच राहतो, डोंगराचा घरजावई असल्यासारखा. झाडांच्या बुंध्यांना हातभर शेवाळ, वाटेवर घोट्याएवढं पाणी, आणि आभाळ कुठं संपतं नि डोंगर कुठं सुरू होतो ते कळायची सोय नाही. ओढ्याशी उभा राहून मी परत फिरावं का, याचा विचार करत होतो, तेवढ्यात पलीकडून डोक्यावर पोतं पांघरलेला एक माणूस कमरेएवढ्या पाण्यातून सरळ चालत आला.

"दगडवाले पाहुणे ना? मी चक्कीवाला. सकाळपासून वाट बघतोय." माझी पिशवी त्यानं एका खांद्यावर टाकली, दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं आणि मला पलीकडे नेलं. "पाय उचलू नका, घासत चला," एवढंच म्हणाला. वर चढताना दोन तास पिशवी त्याच्याच खांद्यावर होती. मी दोनदा मागितली. तिसऱ्यांदा मागितली नाही.

घर म्हणजे एक मोठी खोली, मधोमध चूल, वर धुरानं काळ्या झालेल्या तुळया. चुलीच्या एका बाजूला चक्कीवाल्याचे वडील बसलेले. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. गेल्या थंडीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात आणि जीभ, दोन्ही गेली. डावा हात आणि डोळे तेवढे शाबूत. चुलीची दुसरी बाजू पाहुण्याची. तिथं मला बसवलं.

"आधी कपडे बदला," वहिनी म्हणाल्या. चक्कीवाल्याच्या बायकोला मी पहिल्या घोटापासून वहिनीच म्हणायला लागलो, कारण तो घोट कढत दुधाचा आणि मध घातलेला होता. अंघोळीला पाणी तापलं, कोरडं धोतर मिळालं, पाय चोळायला तेल मिळालं. जेवायला मला भाकरी, वर अंडी. ती तिघं मात्र उकडलेले कंद खात होती.

"तुम्ही भाकरी नाही खात?" मी विचारलं.

"आम्हाला कंदच आवडतात," वहिनी म्हणाल्या. मीही खरं मानलं. चक्की बंद पडून महिना झालेल्या घरात पीठ कुठून येणार, एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही. पोट भरलेल्याचं डोकं सुस्तच असतं.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. घराला लागूनच चक्कीची खोली, खाली खड्ड्यात पाण्याचं चाक. आम्ही दोघांनी पहारी लावून वरचा दगड उलटवला आणि मी टाकी हातात घेतली. चक्कीवाला खाली चाकापाशी उतरून काही ठाकठूक करत होता. काम करताना मी बहिरा असतो. तो काय करतोय हे मी विचारलं नाही.

वहिनी मात्र दिवसभर खालून टोपलीतून लाकडाचे ठोकळे वर आणत होत्या. मुठीएवढे, काळे, तेलकट, एका टोकाला जाड आणि दुसरीकडे निमुळते. ते त्यांनी चुलीशी ओतले आणि त्यावरच माझ्या अंघोळीचं पाणी तापवलं. बाहेरच्या ओंडक्यांतून नुसतं पाणी निथळायचं, पण हे ठोकळे असे पेटायचे की बघत राहावं. मला वाटलं, इकडे जळण असंच कापत असतील. प्रत्येकाची पद्धत.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या आत माझं काम झालं. खरं सांगतो, तशी टाकी मी आयुष्यात लावली नव्हती. खाच न् खाच ओळीत. दोन्ही दगड पुन्हा जागच्या जागी बसवले आणि मी हात झटकले.

तेवढ्यात वरून ओरडत कुणी आलं की पाटाच्या तोंडाशी दरड उतरलीय. चक्कीचं पाणी त्याच पाटानं यायचं. नवराबायको दोघंही फावडी घेऊन निघाली.

"पाहुणे, तात्यांकडे लक्ष ठेवा," चक्कीवाला म्हणाला. "आणि जाळ विझू देऊ नका. या हवेत एकदा विझला तर पुन्हा पेटायला संध्याकाळ होते."

"जाळाचं मला सांगता?" मी म्हणालो. "निश्चिंत जा."

तासाभरात ते काळे ठोकळे संपले. मी ओंडका ओढला, तर धूर. दुसरा ओढला, तर जास्त धूर. तात्या खोकायला लागले. माझेही डोळे पाण्यानं भरले. डोळे पुसत वर पाहिलं तर बरोबर चुलीवर, तुळईला, एक मोठी टोपली टांगलेली. स्टुलावर चढून पाहिलं तर आत तसेच ठोकळे, पण नवे, तांबूस, घासून गुळगुळीत केलेले, शेंगदाण्यासारखे कोरडे. मनात म्हटलं, वहिनी हुशार आहेत. अडीअडचणीला कोरडं जळण वर धुरात ठेवलंय. टोपली खाली घेतली आणि चार ठोकळे चुलीत घातले.

काय पेटले म्हणता. धूर नाही, ठिणगी नाही. निळसर, ठाम ज्योत. मी खुशीत आलो.

तेव्हा तात्यांनी डावा हात उचलला. "आं... आं..." करायला लागले. डोळे मोठे झालेले. हात चुलीकडे.

"थंडी वाजते का तात्या?" मी म्हणालो. "थांबा, अजून घालतो." आणि आणखी सहा घातले.

ते जोरात आवाज करायला लागले. घोंगडीतून सरकून पुढं यायला बघत होते. मला वाटलं, बिचाऱ्याला ऊब हवीय. मी त्यांना काखेत धरून अलगद पुढं ओढलं, पाठीशी उशी दिली आणि म्हणालो, "संकोच करू नका. तुमचंच घर आहे." आणखी ठोकळे. तात्यांनी माझी बाही धरली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी तेही पुसलं. मनात म्हटलं, या घरात याला इतकं कुणी जपत नसेल.

हे सांगताना आजही माझी जीभ जड होते. पण तेव्हा मी स्वतःवर इतका खूष होतो की विचारू नका. थोड्या वेळानं तात्या गप्प झाले. हात मांडीवर ठेवून ज्योतीकडे बघत बसले. मला वाटलं, आता ऊब लागली.

नवराबायको परतली तेव्हा दोघांच्या अंगावर चिखलाशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. दारातच थबकली. वहिनींनी वर तुळईकडे पाहिलं. मग खाली माझ्याकडे. मी ती रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावरच बसलो होतो.

मग चक्कीवाला आत आला, चुलीशी उकिडवा बसला आणि जाळावर दोन्ही हात धरले. "छान ऊब केलीत, पाहुणे," तो म्हणाला.

मला तेवढंच हवं होतं. जाळ कसा लावावा यावर मी त्यांना घटकाभर ऐकवलं. तळाला जागा ठेवावी, लाकडाची तोंडं एकमेकांकडे करावी, वगैरे. शेवटी म्हणालो, "पण वहिनी, लाकूड असं धुरावर सुकवायची युक्ती मानली तुमची."

"माझी नाही," वहिनी पाठमोऱ्या म्हणाल्या. "तात्यांची."

"वा, तात्या!" मी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार. "चला, सोडा पाणी. बघू पीठ."

"पाणी फार आहे," चक्कीवाला म्हणाला. "जरा उतरू द्या."

"काल पाटात पाणी नव्हतं, आज फार आहे?"

"पाहुणे, तुम्हाला घरी जायचं असेल. मी ओढ्यापर्यंत येतो."

माझं टाळकं सरकलं. "म्हणजे माझ्या कामावर विश्वास नाही. दगड चालताना बघितल्याशिवाय मी कधी कुठून हललो नाही. तुम्ही नाही सोडत तर मीच सोडतो." आणि खाली खड्ड्यात उतरलो.

खाली पाण्याचं चाक होतं, आणि त्याच आसावर दुसरं एक मोठं लाकडी चाक. त्याच्या कडेला सगळीकडून भोकं. चौकोनी, साफ, रिकामी. फक्त एका भोकात एक लाकडी दात घट्ट अडकून राहिला होता. मुठीएवढा, काळा, तेलकट, बाहेर जाड आणि आत निमुळता. पाण्याचं चाक फिरणार, त्यावर हे दातांचं चाक फिरणार, आणि हे दात वरच्या दगडाला फिरवणार. आपल्याकडे जे काम पट्टा करतो ते इथं दात करतात, हे कळायला मला तेवढा एक दात पुरला.

मी तिथंच पाण्यात बसलो. मागून चक्कीवाला उतरला.

"दादा," मी म्हणालो, "ते टोपलीतले..."

"राहू द्या."

"किती होते?"

"अठ्ठेचाळीस. एक फेरा पुरा."

"जुनेच परत बसवा की."

"ते झिजून गेले होते. काढताना फुटलेही. म्हणून जळणात घातले."

म्हणजे माझ्या अंघोळीला. मी त्या अडकलेल्या दाताला हात लावून पाहिला. मग विचारलं, "नवे करायला किती दिवस?"

"लाकूड तोडून दोन वर्षं सावलीत ठेवतात. मग दात कोरून दोन वर्षं धुरात. तेव्हा ते फुगत नाहीत, आटत नाहीत. तात्यांनी आजारी पडायच्या आधी कोरून ठेवले होते. आमच्यात ते काम त्यांनाच यायचं."

"आणि तोवर?"

त्यानं चाकावरचा चिखल हातानं पुसला. मग म्हणाला, "पाऊस आहे तोवरच पाणी. दोन महिन्यांत पाट आटतो. तेवढ्यात सात वस्त्यांचं वर्षाचं धान्य दळून व्हावं लागतं. नाही झालं तर बाया उखळात कांडतील. आधी लोक असंच करायचे."

"मग काल बोलला का नाहीत? शिव्या का नाही घातल्यात मला?"

"बोलून परत आले असते का?" तो म्हणाला. "तुम्ही इतक्या लांबून आलात. जाळाशी सुखानं बसला होतात. पाहुण्याला त्याच्या जागेवरून कसं उठवायचं?"

मला इतकी लाज वाटली की तिचा राग यायला लागला. क्षणभर त्यांचाच राग आला. एवढं कसलं आदरातिथ्य, माणसाला असं उघडं पाडणारं? पण राग टिकला नाही. लाज टिकली. मी वर येऊन तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी डाव्या हातानं पाय ओढून घेतले.

चक्कीवाला म्हणाला, ओल्या लाकडाचे दात करून बघू, दोन महिने कसेबसे निघतील. मी म्हणालो, मी थांबतो. "तुम्ही दगडाचे माणूस," तो म्हणाला. मी म्हणालो, "मी आता कशाचाच माणूस राहिलो नाही. मला सुरी द्या."

तो झाड तोडायचा, तुकडे करायचा. मी चुलीशी, तात्यांच्या समोर बसून कोरायचो. पहिला दात झाला तो मी त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी डाव्या हातानं उचलला, बोटांनी चाचपला आणि चुलीत टाकला. दुसराही टाकला. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे. टाकताना दर वेळी माझ्याकडे बघायचे. पहिल्या दिवसभरात एकही दात वाचला नाही. दुसऱ्या दिवशी एक वाचला. तो त्यांनी स्वतःच्या मांडीखाली लपवून ठेवला, माझ्या हाती लागू नये म्हणून. वहिनींना हसू आलं. मला हसावं की रडावं ते कळलं नाही.

अकरा दिवस लागले. अकरा दिवस मी त्यांचं खाल्लं. भाकरी पाचव्या दिवशी संपली आणि मलाही कंद मिळायला लागले, तेव्हा मला जरा बरं वाटलं. पण दूध मध घालूनच यायचं, आणि चुलीशी जागा माझीच. मी दाराशी बसायला गेलो तर वहिनी म्हणायच्या, "तिकडं वारा लागतो. इकडं सरका, भावजी." भावजी म्हणाल्या की आतून काहीतरी तुटायचं.

बाराव्या दिवशी पाणी सोडलं. चाक हललं, दातांचं चाक हललं, वरचा दगड फिरला. आवाज मात्र भयंकर. माझे दात कमी-जास्त, प्रत्येक दात आपापल्या परीनं आपटत होता. खड-खड-खडाक. सारी दरी ऐकत होती. पण पीठ आलं. पांढरं, थंड, रेशमासारखं मऊ पीठ. ते माझ्या दगडांचं.

आवाज ऐकून दुपारपर्यंत वस्त्यांवरचे लोक पाठीवर धान्य घेऊन, भिजत, वर चढून आले. खोली माणसांनी आणि ओल्या घोंगड्यांच्या वासानं भरली.

"हा काय आवाज म्हणायचा?" एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं. "तात्यांनी इतक्या मेहनतीनं दात केले होते ना?"

चक्कीवाला पोतं ओतत होता. मान वर न करता म्हणाला, "धुरातच उंदरांनी खाल्ले. घाईघाईत मी ओल्या लाकडाचे केले. मला कुठं तात्यांसारखं येतंय."

"एवढं सोपं काम नाही बाबा ते," कुणीतरी म्हणालं. "बापाचं कसब मुलात येतंच असं नाही." चार-सहा जण हसले. चक्कीवालाही हसला.

मी तिथं उभा होतो. दोन हातांच्या अंतरावर. तेव्हाच सांगायचं होतं.

तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं पीठ चिमटीत घेऊन बघितलं. "दगडांना टाकी मात्र अफाट लावलीय. कुणी?"

"हे पाहुणे," चक्कीवाला अभिमानानं म्हणाला. आणि सगळे माझ्याकडे वळले. एकानं माझे हात हातात घेतले. कुणी अंडी आणली होती ती माझ्या पुढ्यात ठेवली, कुणी मधाचं पोळं ठेवलं. आमच्याकडे जेवायला या, आधी आमच्याकडे, असं सात वस्त्यांचं एकाच वेळी सुरू झालं.

दाराशी वहिनींनी तात्यांना पाठीवर आणून बसवलं होतं. ते सरळ माझ्याकडे बघत होते. त्या दुपारी काय झालं ते त्यांनी सगळं पाहिलं होतं, आणि त्यांना बोलता येत नव्हतं. मला येत होतं.

मी तोंड उघडलं. म्हणालो, "दगड मुळातच चांगला होता. माझं त्यात काही नाही."

"बघा," तो म्हातारा शेतकरी इतरांना म्हणाला, "एवढा मोठा कारागीर, पण बोलणं किती साधं."